नवऱ्यांची सहल

२४ डिसेंबर

आज सोडत निघाली. महापौरपद पुढच्या अडीच वर्षांसाठीही महिलेलाच, आणि यावेळी सर्वसाधारण महिला. म्हणजे माझ्या बायकोला, रेणुकाला, पुन्हा उभं राहता येतं. मागच्या खेपेला पद अनुसूचित जातीच्या महिलेसाठी राखीव होतं, तेव्हा काही लोक पाठीमागं म्हणाले की आरक्षणानं मिळालं. मी मनाशी म्हटलं, आता खुल्या जागेवर बसून दाखवतोच. मग लक्षात आलं की बसणार रेणुका आहे. पण लोक समजून घेतात. शहरात मला 'महापौरसाहेब' म्हणतात आणि तिला 'मॅडम', आणि कोणतं काम कोणाकडे न्यायचं हे शिपायालासुद्धा माहीत आहे.

सकाळी साडेदहाला मी तिच्या दालनात जातो. तिच्या खुर्चीशेजारी माझी खुर्ची आहे. घंटी माझ्या बाजूला. पत्रं मी वाचतो, सही ती करते. भाषणं मी लिहितो, वाचते ती. जलसंपदा खात्यातून स्वेच्छानिवृत्ती घेतली ती याचसाठी, आणि ही डायरीही पुढंमागं आत्मचरित्राला उपयोगी पडावी म्हणून लिहितो.

बातमी सांगितली तेव्हा रेणुका पाणीपुरवठ्याच्या इंजिनिअरशी फोनवर वाद घालत होती. नुसतं 'कळलं' म्हणाली. तिला राजकारणातलं फारसं कळत नाही. तिचं सगळं लक्ष पाण्याच्या टाकीवर.

झोपताना एकच विचार डोक्यात. ती पडली तर मी कोण? निवृत्त माणूस. गल्लीत आनंदराज नावाचे तिघे आहेत, त्यातला एक.

२५ डिसेंबर

आमचे शहराध्यक्ष आणि नगरसेवक अण्णाराव यांचा सकाळीच फोन. त्यांचा हिशेब असा की आपली माणसं विरोधकांपेक्षा थोडीशीच जास्त आहेत, दोन-चार इकडची तिकडं झाली की खेळ खलास. "जेन्ट्स नगरसेवक मी माझ्याबरोबर नेतो. लेडीजची जिम्मेदारी तुझी. उचल आन सहलीला ने. एक पन फुटली न्हाई पायजे," म्हणाले.

दुपारभर विचार केला. बायकांची सहल म्हणजे कटकट. कोणाच्या पोराची बारावी, कोणाच्या सासूचा गुडघा. आणि मुळात बायका नेऊन उपयोग काय? आमच्या नगरसेविकांपैकी कोणालाही फोन लावा, नवरा उचलतो. लेटरहेड नवऱ्याच्या बॅगेत असतं. वाढदिवसाच्या बॅनरवर नवऱ्याचा फोटो मोठा. म्हणजे फुटायचं झालं तर नवराच फुटणार. मग नवरेच ताब्यात घेतले तर? आमच्या खात्यात कालव्याचं पाणी कोणी शेतात जाऊन अडवत नसे, गेटवर अडवत. अण्णारावांना हे सुचलं नसतं. त्यांना आत्ताच सांगत नाही, निकाल लागल्यावर सांगेन.

रेणुकाला मात्र सांगितलं. तिनं हातातला कप खाली ठेवला.

"सगळ्याच नवऱ्यांना नेनार?"

"सगळ्यांना."

"कधीपत्तर?"

"मतदानाच्या सकाळपर्यंत. पाच तारखेला थेट घेऊन येतो."

"बरं हाय की," म्हणाली आणि हसली. पुष्कळ दिवसांनी तिला असं मोकळं हसताना पाहिलं. माझ्या बुद्धीचं कौतुक तिला आहे, ती बोलून दाखवत नाही इतकंच.

२७ डिसेंबर

बस मंगल कार्यालयासमोरून सुटली. निरोप द्यायला सगळ्या नगरसेविका आल्या होत्या. मला वाटलं होतं थोडी रडारड होईल, पण वातावरण एकदम प्रसन्न. सुकन्याताईंनी त्यांच्या नवऱ्याची, हरिओमची, जी बॅग आणली तीत उशी, दुलई, बाम, कानटोपी आणि डबाभर चटणी. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "साहेब, यांला मतदान होईस्तोवर बिलकुल सोडू नका बरं का. कितीबी रडले तरी." केवढी ही पक्षनिष्ठा! माझा ऊर भरून आला.

रेणुकानं माझा स्वेटर बॅगेत वरच ठेवला होता. "अर्धापूरला गारठा लई असंल. आन दालनातल्या कपाटाची चावी ठिवून जा," म्हणाली. बायकांना साफसफाईची हौस. दिली.

गाडी नांदेडच्या रस्त्याला लागल्यावर शपथविधी घेतला. प्रत्येकानं म्हणायचं, 'माझी बायको महापौर रेणुकाताईंनाच मत देईल.' कोणी भंडारा उचलला, कोणी बेल, एकानं मुलाच्या डोक्यावर हात ठेवायचा म्हणून मोबाईलमधल्या मुलाच्या फोटोवर ठेवला. मी संविधानाची प्रत घेऊन गेलो होतो, तिच्यावर हात ठेवून मीही शपथ घेतली. हरिओमला शंका आली, "साहेब, मत तिचं आन शपथ माझी, हे देवाला चालतंय का?" मी म्हटलं, बँकेच्या कर्जाला जामीनदार चालतो ना, तसंच. त्याला पटलं.

२८ डिसेंबर

अर्धापूरजवळ एका ओळखीच्या केळीच्या बागेत मुक्काम. मधोमध पत्र्याचे दोन मोठे हॉल, चारी बाजूंनी केळी. बाहेरून कोणाला काही दिसत नाही. जागा मीच निवडली.

सगळ्यांचे फोन गोळा करून दुधाच्या रिकाम्या कॅनमध्ये टाकले आणि झाकणाला कुलूप. फोन फक्त माझ्याकडे. कोणाच्या घरून फोन आला तर माझ्या नंबरवर यावा असं सर्व नगरसेविकांना कळवलं आहे. संध्याकाळी हुरडा भाजला. गूळभेंडीची कोवळी कणसं, लसणाची चटणी, दही. मंडळी खूश.

दिवसभरात एकीचाही फोन आला नाही. शिस्त म्हणतात ती ही.

२९ डिसेंबर

आज धक्का बसला. सकाळी काल रिकाम्या असलेल्या दुसऱ्या हॉलकडून हसण्याखिदळण्याचे आवाज आले म्हणून गेलो, तर दारासमोर लुंगी नेसून संगप्पा दात घासत उभा. संगप्पा म्हणजे विरोधकांच्या उमेदवार वर्षाराणी यांचा नवरा. बोअर पाडायच्या गाड्यांचा मालक, आवाजही बोअरच्या गाडीसारखा. बागवाल्यानं दोन्ही हॉल दोघांना दिले होते आणि दोघांनाही 'कोनाला सांगू नका' असं बजावलं होतं.

त्याच्यामागं अंथरुणं घड्या घालणारे लोक दिसले. सगळे ओळखीचे. विरोधी नगरसेविकांचे नवरे.

"बायका कुठायत?" मी विचारलं.

"घरी," संगप्पा चूळ भरून म्हणाला. "त्येंचं काय काम हितं?"

मला राग आला. ही कल्पना माझी होती. पण तो म्हणतो त्याला सोडत निघाली त्याच दिवशी सुचली होती.

वाटाघाटी होऊन दोन्ही हॉलच्या मधे केळीच्या सोपटाची दोरी बांधली. इकडच्यानं तिकडं जायचं नाही. तासाभरात त्याच दोरीला जाळी समजून व्हॉलीबॉल सुरू झाला. आम्ही हरलो, पण त्यांच्या बाजूला पोलीस खात्यातला एक नवरा आहे, त्यामुळं ते धरायचं नाही.

३० डिसेंबर

आज येळवस, आणि आमची माणसं सकाळपासून तोंडं पाडून बसलेली. या अमावास्येला आमच्याकडं माणूस शहरात राहत नाही, शेतात जातो. कडब्याच्या खोपीत पांडव मांडायचे, भज्जी, आंबील, उंडे खायचे. मी पूजेतला नव्हे, पण भज्जी दर वर्षी तीन-चार शेतांत तरी खाल्लेली असते. या दिवशी बोलावणं आलं की कोणाला नाही म्हणायचं नसतं, भाऊबंदकीचा दावा चालू असला तरी.

शेवटी नवऱ्यांनीच भज्जी करायला घेतली. हरभरा, तूर, वाटाणा, पालक सगळं होतं, फक्त किती बेसन लावायचं ते एकालाही ठाऊक नव्हतं. पातेल्यात डाव उभा राहिला तो राहिलाच. हरिओमला बायकोला विचारायला फोन हवा होता. नियम म्हणजे नियम, मी दिला नाही.

दुपारी मीच रेणुकाला फोन लावला. पाठीमागं वारा आणि पुष्कळ बायकांचा कलकलाट.

"कुठं आहेस?"

"शेतात. येळवस न्हाई का."

"कोणाच्या शेतात?"

"वर्षाराणीच्या."

मी उठून उभाच राहिलो. "अगं, ती आपल्याविरुद्ध उभी राहतेय!"

"म्हनून काय झालं? बोलावनं आलं तर न्हाई म्हनत असतेत का आजच्या दिवशी?"

"बाकी कोण आहे?"

"सगळ्याच हायत," म्हणाली. मग कोणीतरी तिला हाक मारली आणि फोन बंद झाला.

संगप्पाला दोरीजवळ बोलावून सांगितलं. तो खो खो हसला. "खाऊ द्या की हो. आपलं नरडं इथं कोरडं पडलंय तर निदान त्या तरी खातील." मलाही हसू आलं. बायकांना सण आणि निवडणूक यातला फरक कळत नाही, हे एका अर्थी बरंच आहे.

३१ डिसेंबर

रेणुकानं आज अर्ज भरला. मी सोबत नसताना तिनं पहिल्यांदाच सरकारी कागद भरला, म्हणून जीव टांगणीला होता. छाननीत वैध ठरला. सूचक सुकन्याताई. अनुमोदक कोण म्हणून विचारलं तर म्हणाली, "अंबिका." मी म्हटलं, आपल्या पक्षात अंबिका कोण? तेवढ्यात रेंज गेली. नाव ऐकण्यात काहीतरी चूक झाली असावी. अंबिकाताई विरोधी बाकावर बसतात.

२ जानेवारी

काल मोठं यश मिळालं होतं. त्याच अंबिकाताईंचे पती शिवमूर्ती यांना मी फोडलं. संगप्पाच्या हॉलमध्ये शुद्ध शाकाहार आहे आणि शिवमूर्ती चोरून अंडी खाणारा माणूस. आमच्याकडच्या अंडाकरीचा वास दोरीपलीकडं जाईल अशी चूल मांडली. तो अंथरूण काखेत मारून आला आणि दोन ताटं जेवून 'माजी बायको तुमचीच' म्हणाला. मी शपथ दिली. आज सकाळी संगप्पानं जिलेबी तळली, तर तो अंथरूण घेऊन परत गेला. दुपारी पुन्हा इकडं. आता तो जेवणाच्या वेळेला पक्ष बदलतो. दोन्ही बाजूंनी त्याला शपथ देऊन देऊन भंडारा संपत आला आहे.

हे सगळं उत्साहानं सांगायचं म्हणून अण्णारावांना फोन केला.

"लेडीज बऱ्या हायत ना?" त्यांनी विचारलं.

"एकदम. व्हॉलीबॉल खेळतायत."

"लेडीज? व्हॉलीबॉल?"

मग त्यांना माझी योजना सांगितली. निकालापर्यंत थांबणार होतो, पण राहवलं नाही.

"आनंदराज, सभागृहात हात वर कोन करनार हाय?"

"नगरसेविका. पण नवऱ्याच्या सांगण्यावरून."

"मग नवरे तिथं बसून सांगनार कसं? फोन कुठायत त्येंचे?"

"कॅनमध्ये. कुलूप लावून."

यापुढं अण्णाराव जे बोलले ते मी आत्मचरित्रात घेणार नाही.

मी घाबरलो. घाईघाईनं कॅन उघडला. ज्यांचे फोन चालू होते ते पाहिले. एकाही नवऱ्याला घरून एकही मिस्ड कॉल नव्हता. हरिओमला तेवढा रिचार्ज संपल्याचा मेसेज होता. त्यानं तो वाचला, फोन मला परत दिला आणि जाऊन भिंतीकडं तोंड करून पडला. मलाही कसंतरीच झालं.

रेणुकाला फोन करून म्हटलं, मी बस घेऊन निघतो. ती शांतपणे म्हणाली, "तुमी हललाव तर संगप्पाबी हलंल. त्येंची मान्सं मोकळी झाली तर मग?"

खरंच की. हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. माझ्या सहवासानं तिला आता थोडंफार डावपेच कळायला लागले आहेत. मी संगप्पाला सांगितलं की आम्ही इथून हलणार नाही. तो म्हणाला की त्यालाही वर्षाराणीनं हेच सांगितलंय.

३ जानेवारी

सावित्रीबाईंची जयंती. नगरभवनातल्या कार्यक्रमाचे फोटो आणि एक व्हिडिओ माझ्या फोनवर आला. मंचावर सगळ्या पक्षांच्या नगरसेविका सरमिसळ बसलेल्या. आपली कोण आणि त्यांची कोण ते दिसेना म्हणून संगप्पाला बोलावलं. एका खाटेवर बसून दोघांनी फोटो मोठा करून करून पाहिला. त्यांची वर्षाराणी रेणुकाच्या शेजारीच होती आणि तिच्या कानात काहीतरी सांगून हसत होती.

"असं हसताना म्या कदी बगितलं न्हाई हिला," संगप्पा म्हणाला.

व्हिडिओत रेणुका बोलत होती. तिच्या हातात कागद नव्हता. अडीच वर्षांत तिचं एकही भाषण मी लिहिल्याशिवाय झालेलं नाही, आणि इथं ती हात हलवून बोलत होती, मधे थांबत होती, लोक टाळ्या वाजवत होते. काय बोलली ते केळीतल्या वाऱ्याच्या आवाजात नीट ऐकू आलं नाही. मी तो व्हिडिओ तीनदा पाहिला. चांगली बोलत होती. आणि मला भीती वाटली. कशाची वाटली ते मला सांगता येणार नाही.

४ जानेवारी

संगप्पाची बस सुरूच होईना. त्यांची माणसं इथंच राहिली तर आमचं भलंच होतं, पण इतक्या दिवसांच्या शेजारानंतर माणुसकी आड येते. उद्या पहाटे सगळे एकाच बसनं निघणार. कोणी कोणाच्या शेजारी बसायचं यावर भांडण होईल असं वाटलं होतं, तर मंडळींनी व्हॉलीबॉलच्या टीमप्रमाणे जागा धरल्यात. शिवमूर्ती मधल्या वाटेत खुर्ची टाकून बसणार आहे.

५ जानेवारी

जमेल तसं लिहितो.

बस थेट महापालिकेच्या आवारात नेली. सभागृहात फक्त निवडून आलेल्यांना सोडतात, म्हणून आम्ही सगळे नवरे खाली उभे. आतलं कामकाज ऐकायला बाहेर कर्णा लावलेला. मी हार, गुलाल, पेढे तयार ठेवले. अण्णाराव वर जाताना माझ्याकडं न बघता गेले.

पीठासीन अधिकाऱ्यांनी जाहीर केलं की माघार घ्यायची असेल त्यांनी आता घ्यावी. खुर्ची सरकल्याचा आवाज आला आणि मग वर्षाराणीचा आवाज. "मी माघार घेतेय. खुशीनं घेतेय."

संगप्पा बसच्या पायरीवर बसला. "मला इचारलं न्हाई," म्हणाला. "तिनं मला इचारलं न्हाई हो." तेच तेच म्हणत राहिला. मला त्याची कीव आली आणि आनंदानं डोळ्यांत पाणीही आलं. रेणुका बिनविरोध! कोणाला हातसुद्धा वर करावा लागला नाही. मी संगप्पाला मिठी मारली, गुलाल उधळला, सगळ्यांना पेढे वाटले. शिवमूर्तीनं दोन्ही पक्षांच्या वतीनं दोन घेतले.

मग कर्ण्यातून रेणुका बोलायला लागली. पाण्याचं बोलली, नाल्यांचं बोलली. शेवटी म्हणाली, "आम्ही सगळ्या जणींनी मिळून एक ठरवलंय. या इमारतीचा जिना निवडून आलेला माणूस चढेल, नाहीतर काम घेऊन आलेला नागरिक. कोणाचा नवरा आहे, दीर आहे, भाऊ आहे, म्हणून कोणी वर येणार नाही. कोणत्याही बाईच्या खुर्चीशेजारी दुसरी खुर्ची लागणार नाही."

वर बाकं वाजली. खाली सगळ्यात मोठ्यानं टाळ्या मी वाजवल्या. हरिओमला म्हटलं, "बघ, संगप्पाची कशी बरोबर जिरवली!"

हरिओमनं हातातला पेढा परत खोक्यात ठेवला. मग हळूच म्हणाला, "साहेब, शेजारची खुर्ची तुमची हाय."

मी हसलो. हार घेऊन जिन्याकडं गेलो. दारातला शिपाई माझ्याच ओळखीनं लागलेला. तो उठून उभा राहिला, नमस्कार केला आणि आडवा हात धरला. "साहेब, मॅडम न्हाई म्हनल्यात," म्हणाला. त्याचाच चेहरा रडवेला झाला होता.

हार त्याच्याकडं वर पाठवला. घरी रिक्षानं आलो.

६ जानेवारी

रात्री रेणुकाशी बोललो नाही. सकाळी चहाच्या वेळी विचारलं.

"ती अट वर्षाराणीची होती ना? माघारीच्या बदल्यात तुला मान्य करावी लागली."

"न्हाई. तिनं पान्याचं मागितलं. तिच्या वार्डात आठ दिवसाला नळ येतोय, तिथं एकाआड एक दिवस सोडायचा. तिला तेवढंच पायजे होतं."

"मग अंबिकाची?"

"न्हाई."

"सुकन्याची असणार. ती त्या हरिओमला कंटाळलीय, मला बॅग बघूनच कळायला पाहिजे होतं."

तिनं बशी खाली ठेवली. "अट माझी होती. येळवशीला मीच मांडली. त्या आधी भेल्या, नवरे काय म्हनतेल म्हनून. मी म्हनलं, नवरे हायतच कुठं?"

"मला विचारायचं होतंस," एवढंच म्हटलं.

"इचारलं असतं तर तुमी काय म्हनला असताव?"

मी खरं ते सांगितलं. नाही म्हणालो असतो. आणि वर भाषणही बदलून दिलं असतं.

ती हसली, पण वाईट हसली नाही. मग कालपासून मनात होतं ते मी बोललो. मला वाईट वाटलंय. लई वाईट वाटलंय. अडीच वर्षं मी तुझ्यासाठी राबलो, नोकरी सोडली, आणि काल शिपायानं मला जिन्यात अडवलं, सगळ्या शहरासमोर.

"राबलाव, खोटं कशाला म्हनू," ती म्हणाली. "पन लोक माझ्याकडं काम घिऊन यायचे आन तुमच्याकडं बघून बोलायचे. मी तिथंच बसलेली असायचे ओ. मलाबी वाईट वाटायचं. मी कुनाला सांगितलं न्हाई."

हे मला खरोखर माहीत नव्हतं. रोज शेजारी बसून माहीत नव्हतं.

मी विचारलं, "आणि मला तिथं यायचंच असलं तर?"

"निवडून या की," ती म्हणाली आणि पर्स घेऊन निघाली. गाडी खाली तिची वाट बघत होती.

९ जानेवारी

तीन दिवस घरात बसलो. मग वाटलं, का नाही? पुढच्या खेपेला वॉर्ड खुला पडला तर आपण उभं राहावं. आतापासून तयारी हवी. आज इस्त्रीचा सदरा घालून वॉर्डात निघालो. एकटा. याआधी प्रचाराला फिरलो तेव्हा रेणुका पुढं असायची, लोक तिच्याशी बोलायचे आणि मी मागून लोकांची नावं विचारून घ्यायचो. आज नावं आठवत होती, घरं सापडत नव्हती.

पहिल्याच गल्लीत एक म्हातारी उन्हात तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. नमस्कार केला. म्हटलं, "आजी, पुढच्या वेळी मी उभा राहीन म्हणतो. लक्ष असू द्या."

"कोन रं तू?"

"आनंदराज."

"कोन आनंदराज? त्यो रिक्षावाला?"

"नाही. तो मागच्या गल्लीतला." महापौरसाहेब असं सांगावं असं जिभेवर आलं होतं, पण सांगवलं नाही. शेवटी म्हटलं, "रेणुकाचा मालक."

"अगं बया! रेनुकाबाईचा व्हय?" तिनं पटकन पोतं झटकून मला बसायला टाकलं, ओंजळभर शेंगा दिल्या. "लई गुनाची बाई. काल स्वता आल्ती नळ बगायला. बस, बस."

मी बसलो. शेंगा गोड होत्या. निघताना पुन्हा विचारलं, "मग मत द्याल ना मला?"

तिनं मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. विचार केला. "आदी तिला इचारते," म्हणाली. "ती म्हनली तर दीन."

"तीच म्हणाली, निवडून या म्हणून."

"मग तिलाच घिऊन ये की संगं. तुज्या एकल्याच्या बोलन्यावर कसं इस्वास ठिवू?"

घरी आलो तर रेणुकाची सभा लांबली होती. भात लावून ठेवला आहे आणि वाट बघतोय. येत्या रविवारी तिला दोन तास मोकळे आहेत का, ते विचारायचं आहे.